गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे? खान्देशात पहिली जाहिरात लिहिणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी अमळनेर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका माझ्याकडे आल्या. सोबत बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पिशवी आणि चार घड्या घातलेला एक कागद होता. कागदावर त्यांनीच लिहिलेली जाहिरात होती: ‘उत्तम दर्जाचे, स्वच्छ, चविष्ट ज्वारीचे बिबडे. योग्य दरात मिळतील.’ त्यांनी दोनशे पत्रकं छापून वाटली होती आणि फोन आले होते तीन. त्यातल्या एकाने भाव विचारून फोन ठेवून दिला होता.

बिबडे मी लगेच भाजून पाहिले. लसूण, तीळ, मिरची सगळं जिथल्या तिथे. मालात काही खोट नव्हती. कागद मात्र कुणाशीच बोलत नव्हता.

वीसेक वर्षं मी जळगाव-धुळ्याकडच्या दुकानांसाठी पत्रकं, भिंतीवरच्या ओळी, रिक्षाच्या भोंग्यावरच्या घोषणा आणि आता व्हॉट्सॲपचे स्टेटस लिहितो. या काळात जे हाती लागलं, ते इथे पायरीपायरीने देतो. दुकान, गृहउद्योग, रोपवाटिका, शिकवणी, काहीही नवं सुरू करत असाल आणि जाहिरात स्वतःच लिहिणार असाल, तर उपयोगी पडेल. जाहिरात लिहायची नसेल आणि नुसती वाचायची असेल, तरी आपल्यावर काय काय प्रयोग होतात ते यातून कळेल.

पहिली पायरी: माल बाजूला ठेवा, माणसाला बोलतं करा

नवखा माणूस लिहायला बसला की मालाचे गुण मोजू लागतो. पण गिऱ्हाईक येतं ते स्वतःच्या गरजेपोटी, आणि ती गरज त्याने बहुतेक वेळा स्वतःशीही बोलून पाहिलेली नसते. ‘तुम्ही हे का घेता?’ असं सरळ विचारलं की तो शहाण्यासारखं उत्तर देतो: चांगलं असतं, परवडतं. या उत्तरातून जाहिरात निघत नाही.

अर्नेस्ट डिख्टर नावाचे मानसशास्त्रज्ञ व्हिएन्नाहून अमेरिकेत गेले आणि १९३९ च्या सुमारास त्यांच्याकडे एका साबणाचं काम आलं. त्यांनी लोकांना साबणाबद्दल फारसं विचारलंच नाही, अंघोळीबद्दल बोलतं केलं. तेव्हा लोक सांगू लागले की कुणाला खास भेटायला जायचं असलं की त्याआधीची अंघोळ वेगळी असते, सावकाश चालते. मळ काढणं हे तर तिथे फार मागे राहिलं होतं. खरेदीमागची प्रेरणा शोधण्याचं शास्त्र पुढे याच वाटेने वाढलं.

आपण हेच फोनवर करू शकतो. जुन्या पाच-सात गिऱ्हाइकांना फोन लावा आणि इतकंच विचारा: शेवटचं कधी घेतलं होतं? त्या दिवशी घरात काय चाललं होतं? घरी आणल्यावर कोण काय म्हणालं? मिळालं नसतं तर काय केलं असतं? मग गप्प बसा. माणूस थांबला तरी लगेच दुसरा प्रश्न टाकू नका. खरं वाक्य त्या थांबण्यानंतर येतं.

बिबड्यांसाठी आम्ही असेच फोन केले. कल्याणला राहणारी एक बाई म्हणाली, सोसायटीत गच्चीवर वाळवणं घालू देत नाहीत, माझ्या मुलीने ओला घाटा, म्हणजे बिबड्यांसाठी शिजवलेलं ज्वारीचं पीठ, कधी खाल्लाच नाही. सुरतेची दुसरी एक बाई बराच वेळ भावाबद्दलच बोलत होती. मग म्हणाली, ‘आईला जाऊन चार वर्षं झाली. उन्हाळा आला की हात रिकामे वाटतात.’

गटातल्या बायकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. हे ऐकल्यावर खोलीत कुणी काही बोललं नाही. आमची जाहिरात तिथेच सापडली.

दुसरी पायरी: एकच भावना निवडा

माया, अभिमान, भीती, लाज, आपलेपणा, आशा, कटकटीतून सुटका. मालामागे बहुधा यातलंच काहीतरी असतं. नवखा माणूस सगळं एकाच पत्रकात कोंबतो आणि मग वाचणाऱ्याच्या मनात काहीच उरत नाही. एकच धरा.

अब्राहम मास्लो यांनी १९४३ मध्ये माणसाच्या गरजांची उतरंड मांडली. आधी अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग माया आणि आपलेपणा, मग मानसन्मान आणि सर्वांत वर स्वतःला फुलवण्याची ओढ. विचाराला सुरुवात म्हणून ही मांडणी चांगली आहे, पण ती जिन्यासारखी चढायची आहे असं समजू नका. कापसाचे पैसे अजून हातात आले नाहीत, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे, तरी पोरीच्या लग्नात पंगत कमी पडू देत नाही असा बाप आपल्याकडे गावोगाव आहे. त्याच्यापुढे मान आधी येतो, पोट नंतर.

एकाच वस्तूमागे दोन माणसांच्या दोन भावना असू शकतात, हेही ध्यानात ठेवा. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात आणि लगीनसराईत दूरदूरची माणसं इथे सोनं घ्यायला येतात. दागिन्यांच्या काउंटरसमोर कधी पाच मिनिटं उभं राहून पाहा. नवरीची आई पोत हातात घेऊन वजन जोखते, कारण उद्या अडीनडीला मुलीकडे हक्काचं काहीतरी असावं असं तिला वाटतं. नवरी आरशात बघते. मामा खिशातला कागद पाहत असतो, कारण आहेरात आपण हलके पडायला नको. तिघांसाठी एकच ओळ लिहिता येत नाही. पैसे कोण देणार, पसंती कुणाची, शेवटचा शब्द कुणाचा, हे आधी विचारा आणि त्यातल्या एकाशी बोला.

तिसरी पायरी: भावनेचं नाव घेऊ नका, चित्र दाखवा

‘मायेची चव’, ‘विश्वासाचं नातं’, ‘परंपरेचा वारसा’ असे शब्द इतके वापरून झाले आहेत की डोळा त्यांच्यावरून घसरतो. भावना उठते ती चित्राने. बिबड्यांच्या कागदावर आम्ही काय काय खोडलं ते दाखवतो.

पहिला खर्डा होता, ‘आईच्या हातची चव, आता तुमच्या घरी.’ बरा होता, पण कुठल्याही लोणच्याला, मसाल्याला चालला असता. जी ओळ दुसऱ्या मालावर जशीच्या तशी चिकटते ती अजून आपली झालेली नसते. दुसरा खर्डा: ‘उन्हाळ्यातली गच्ची आठवते?’ यात चित्र उगवायला लागलं. मग मी बायकांना विचारलं, गच्चीवर नेमकं काय व्हायचं? एक म्हणाली, पहाटे उठायचो, घाटा गरम असतानाच थापावा लागतो. दुसरी म्हणाली, आम्ही पोरं खाटेखाली बसून अर्धे ओले बिबडे चोरून खायचो आणि आईला माहीत असायचं.

छापलं ते असं: ‘पहाटेची गच्ची. गरम घाटा. खाटेखाली बसून अर्धा ओला बिबडा चोरून खाणारे तुम्ही, आणि न पाहिल्यासारखं करणारी आई. बिबडे तयार आहेत.’

त्याखाली अहिराणीत एक ओळ टाकली: ‘मायना हातना बिबडा.’

बोलीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बाहेरून येणाऱ्या जाहिराती इथे हमखास चुकतात. सगळं खान्देश एकाच तोंडाने बोलत नाही. अमळनेर, पारोळा, धुळे, साक्री या पट्ट्यात अहिराणी चालते. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात लेवा बोली कानावर पडते, बहिणाबाईंच्या गाण्यांतली. नंदुरबारच्या डोंगरात भिल्लांच्या आणि पावरांच्या बोली आहेत. फैजपूरच्या गिऱ्हाइकाला साक्रीची अहिराणी समजेल, पण ‘ही आपल्या घरातली’ असं वाटणार नाही, आणि बोली वापरायची ती नेमकं तसं वाटावं म्हणून. ती ओळ त्या गावच्या आजीला वाचून दाखवा. तिने एखादा शब्द बदलून सांगितला तर वाद न घालता बदला. सगळी जाहिरात बोलीत लिहू नका. पत्ता, भाव, वजन प्रमाण मराठीतच वाचायला सोपं जातं.

नावातही चित्र असतं. आजची विप्रो १९४५ मध्ये अमळनेरलाच वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. त्या तुपाचं नाव होतं सनफ्लॉवर. डब्यातला पांढरा गोळा डोळ्यांपुढे येण्याआधी फूल येतं. तुमच्या मालाचं नाव अजून ठरायचं असेल तर त्यासाठी एक अख्खा दिवस काढा.

चौथी पायरी: घरी सांगायला कारण द्या

मन आधी ओढलं जातं, पण पैसे काढताना माणसाला कारण लागतं. कधी स्वतःला सांगायला, कधी सासूला, कधी नवऱ्याला. भावना दिली आणि कारण दिलं नाही, तर गिऱ्हाईक पत्रक वाचून हसतं, हळवं होतं आणि घडी घालून ठेवतं.

ऐंशीच्या दशकातली सर्फची ललिताजी आठवा. तेव्हा निरमा सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त मिळत होती आणि लोक तिकडे वळत होते. जाहिरातकार अलेक पदमसींनी टीव्हीवर भाजीच्या भावासाठी घासाघीस करणारी एक बाई आणली. ती ठणकावून सांगते की सर्फच्या खरेदीतच शहाणपण आहे. त्यात हिशेब होता, पण हिशेबाखाली भावना होती: काटकसर करणारी बाई मूर्ख नसते, तिला पैशाची पारख असते. महाग वस्तू घेणाऱ्या बाईला घरी सांगायला कारण मिळालं आणि मानही मिळाला. कविता चौधरींनी केलेलं ते काम आजही लोक विसरलेले नाहीत.

तुमच्या पत्रकात कारणाची जागा शेवटच्या तीन ओळींत. बिबड्यांच्या कागदावर आम्ही लिहिलं: ज्वारी कुठली, सोडा घातलेला नाही, पाकिटात किती बिबडे, वजन किती, किती दिवस टिकतील. दागिन्यांचं दुकान असेल तर हॉलमार्कच्या ६ अक्षर-अंकी क्रमांकाचा उल्लेख करा. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहेच, पण तो दागिन्यावर कुठे पाहायचा हे सांगणारा दुकानदार लोकांना खरा वाटतो. विशेषणाने विश्वास बसत नाही, पडताळता येणाऱ्या गोष्टीने बसतो.

पाचवी पायरी: मनाच्या चार सवयी

या सवयी सगळ्यांना असतात, शिकलेल्यांनाही. चारही मी वापरतो, आणि चारहींचा गैरवापर रोज दिसतो.

पहिली, गमावण्याचं दुःख. डॅनिएल कानेमन आणि ॲमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचं दुःख मोठं असतं. म्हणून ‘ठिबकने पाणी वाचतं’ यापेक्षा ‘पाटाने दिलेलं किती पाणी केळीच्या मुळापर्यंत पोचतच नाही’ हे शेतकऱ्याला जास्त लागतं. दोन्ही वाक्यं खरी असतील तर दुसरं वापरायला हरकत नाही.

दुसरी, आधी पाहिलेला आकडा. याच दोघांनी १९७४ मध्ये दाखवलं की मनात एखादा आकडा आधी पडला की पुढचा अंदाज त्याच्याभोवतीच फिरतो. भाव खोडून दाखवतात तो यासाठीच. खोडलेला भाव तुम्ही खरोखर कधी घेतला असेल तरच छापा.

तिसरी, शेजारी. आपल्याकडे याच्याइतकं दुसरं काही चालत नाही. बियाणं विकणारे शेतकऱ्याला एखाद्या शिवारात नेऊन उभं करतात, बोंडं मोजायला लावतात. ओळखीच्या माणसाच्या शेतातलं झाड कुठल्याही पत्रकापेक्षा मोठ्याने बोलतं. पण त्या शेतकऱ्याने पाणी किती दिलं, फवारण्या किती केल्या, जमीन कसली, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. नवखे असाल तर ही माहिती लिहायची सवय लावून घ्या. कोरडवाहू शेतकऱ्याला बागायती प्लॉट दाखवून विकलेली पिशवी पुढच्या वर्षी तुमच्याच दारात परत येते.

चौथी, पुन्हा पुन्हा दिसणं. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की जी गोष्ट वारंवार नजरेला पडते ती हळूहळू आवडू लागते, नुसत्या ओळखीमुळे. ठिपक्यांच्या फ्रॉकमधली अमूलची मुलगी १९६६ पासून तीच आहे. आपले लोक दर दिवाळीला रंग बदलतात, ओळ बदलतात, बोधचिन्ह बदलतात. तसं करू नका. एसटी स्टँडच्या भिंतीवर, पिशवीवर, स्टेटसवर तोच रंग आणि तीच ओळ निदान तीन वर्षं राहू द्या. तुम्हाला कंटाळा येईल तेव्हा गिऱ्हाइकाला ती कुठे दिसू लागलेली असते.

सहावी पायरी: भीती आणि लाज, इथे थांबा

या पायरीसाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला.

भीती आणि लाज या दोन भावना सगळ्यांत लवकर काम करतात. लिस्टरीन एकोणिसाव्या शतकात जंतुनाशक म्हणून आलं. १९२० च्या दशकात कंपनीने तोंडाच्या वासाला एक वैद्यकीय वाटणारं नाव देऊन जाहिराती केल्या: तुमच्या पाठीमागे लोक बोलतात, लग्न जमत नाही, आणि कारण तुम्हाला कुणी सांगत नाही. विक्री प्रचंड वाढली. आपल्याकडे तीच लाज गोऱ्या रंगावरून पिढ्यान्पिढ्या विकली गेली. सावळ्या मुलीला नोकरी नाही, स्थळ नाही, आणि नळीतलं क्रीम लावलं की सगळं मिळतं, अशी गोष्ट दाखवली गेली. जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये रंगावरून कमी लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम केले. फेअर अँड लव्हलीने नावातला ‘फेअर’ काढला तो २०२० मध्ये.

मीही हे केलं आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका शिकवणीसाठी पत्रक लिहिलं. चित्रात अंधारात बसलेला मुलगा आणि वर ओळ: ‘शेजारचा पुढे गेला. तुमचा?’ खाली लिहिलं, जागा थोड्याच. जागा थोड्या नव्हत्या, पण मी विचारलं नाही. प्रवेश भरले आणि मालकाने मला पेढे दिले. दिवाळीनंतर माझ्या ओळखीच्या दुकानात एक बाई भेटल्या. चोपड्याकडच्या होत्या, दुसऱ्याच्या केळीच्या बागेत मजुरीला जायच्या. गळ्यात काळी पोत होती, सोन्याचे मणी काढलेले. मुलगा दोन महिन्यांत शिकवणी सोडून आला होता, त्याला तिथलं काही कळत नव्हतं. फी परत मिळाली नव्हती. मी पत्रकं लिहितो हे दुकानदाराने सांगितल्यावर त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, ‘दादा, ते तुमीच लिव्हलं का? मले रातभर झोप नव्हती आली ते वाचून.’

रागावल्या नव्हत्या त्या. नुसतं विचारत होत्या. मी हो म्हणालो.

तेव्हापासून भीतीची ओळ लिहिण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो. ही भीती त्या माणसाच्या आयुष्यात आधीपासून आहे की मी पेरतोय? आणि माझ्या मालाने ती खरोखर कमी होते का? विमा, सर्पदंशाचं औषध, रस्त्यावरचं हेल्मेट यांच्यामागची भीती खरी आहे आणि उपायही खरा आहे. ‘तुमचा?’ हा प्रश्न मी पेरलेला होता.

कायदाही आता बराच स्पष्ट आहे, तो नीट वाचून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला आणि जाहिरातीत झळकणाऱ्या व्यक्तीलाही १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांना लक्ष्य करणाऱ्या आणि आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींवर बंधनं आहेत. ऑनलाइन विकत असाल तर २०२३ चे नियमही पाहा. त्यांत ‘फक्त २ शिल्लक’ असली खोटी घाई मनाई केलेल्या युक्त्यांच्या यादीत आहे. शिकवण्यांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगळे नियम आले: निकालाची हमी देता येत नाही, जागा कमी असल्याची खोटी घाई करता येत नाही आणि यशस्वी मुलांचे फोटो त्यांच्या संमतीशिवाय छापता येत नाहीत. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याचं औषध म्हणून जाहिरात करणं तर १९५४ च्या कायद्यापासून बंद आहे, तरी बाजाराच्या दिवशी असली पत्रकं हातात पडतात. फसवणूक झाली असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. हा क्रमांक मी आता माझ्या गिऱ्हाइकांच्या पत्रकांवरही छापायला सांगतो. बरेच जण नको म्हणतात. जे हो म्हणतात त्यांच्याबरोबर काम करणं सोपं जातं.

सातवी पायरी: वेळ

हे थोडक्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, तेव्हा मायेची जाहिरात चालते. श्रावणात कानबाई देवी बसते, तेव्हा भाऊबंद एका घरात जमतात, एकत्र खरेदी होते. कापसाचा पैसा दिवाळीच्या आगेमागे हातात येतो, केळीवाल्याकडे तो वर्षभर थोडा थोडा फिरतो. जूनमध्ये शेतकऱ्याच्या डोक्यात पेरणी सोडून दुसरं काही नसतं, तेव्हा फर्निचरच्या पत्रकावर पैसे घालवू नका.

आठवी पायरी: मोजा

दोन वेगळ्या ओळींची दोन पत्रकं काढा आणि दोन वेगळ्या आठवडे बाजारांत वाटा. फोन आला की एकच विचारा: ‘काय वाचून फोन केला?’ आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा, आपल्या शब्दांत नको. आम्ही एका बाजारात गच्चीची ओळ दिली, दुसऱ्यात ‘शुद्ध ज्वारीचे, बिनसोड्याचे’. गच्चीच्या ओळीवर फोन जास्त आले. पण बिनसोड्याच्या ओळीवर आलेल्या बायकांनी जास्त पाकिटं घेतली. म्हणून आता दोन्ही ओळी एकाच कागदावर आहेत, गच्ची वर आणि सोडा खाली.

गेल्या उन्हाळ्यात वहीत एक नोंद पडली. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा नाशिकहून फोन होता. बिबडे नको होते त्यांना, दात राहिले नव्हते. त्यांनी विचारलं होतं, ‘ओला घाटा मिळेल का? तेल घालून?’ गटाच्या बायकांनी ते मला वाचून दाखवलं आणि यंदाच्या पत्रकाच्या तळाशी स्वतःच एक ओळ वाढवली: ‘सकाळी आठच्या आत आलात तर गरम घाटा खायला मिळेल. त्याचे पैसे घेत नाही.’